दोन शिट्ट्यांमधल्या काकू

पहाटे माझ्या दारावर एक थाप पडायची आणि मी उठून दार उघडेपर्यंत बाहेर कुणी नसायचं. नुसता जिन्यावरून खाली धावत गेलेल्या पावलांचा आवाज. लातूरला नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, गल्लीतली पोरं खोड्या काढायलीत. मी मुखेडची. खोड्या काढणाऱ्या पोरांना कुठं गाठायचं हे मला चांगलं ठाऊक. एके दिवशी दाराला कान लावूनच उभी राहिले आणि पावलं वर आली तशी कडी काढली. समोर माझी घरमालकीण! पदर कमरेला खोचलेला, साडीखाली कुणा पोरीनं टाकून दिलेले पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि दम असा लागलेला की तोंडातून शब्द फुटेना. "सरक," एवढंच म्हणाल्या, माझ्या चौकटीला हात लावला आणि आल्या तशा धाडधाड खाली गेल्या.

थोड्या वेळानं चहा घेऊन पुन्हा वर आल्या, या वेळी सावकाश.

"तुझी झोप मोडती, मला कळतंय. पण दार शिवल्याबिगर माझी फेरी पुरी होत न्हाई म्याडम."

"दारच का पण? कठडा आहे, भिंत आहे."

"भिंतीला काय, अलीकडनंच हात लावून माघारी फिरता येतंय. दाराचा आवाज होतो. आवाज झाला की लबाडी करता येत न्हाई."

त्या मला हाक 'म्याडम' अशी मारायच्या आणि बोलायच्या 'अगं-तुगं'. मला ते फार आवडायचं. सगळे विद्यार्थी त्यांना काकू म्हणायचे, मीही काकूच म्हणायला लागले.

लातुरात कुणालाच वेळ नसतो. शिकणाऱ्या पोरींना नसतो, त्यांच्या आईबापांना नसतो, आम्हा शिकवणाऱ्यांचं तर विचारूच नका. मी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. हृदय, फुफ्फुसं, स्नायू सगळं फळ्यावर रंगीत खडूनं काढायची आणि स्वतः एक मजला चढले की कठड्याला धरून उभी राहायची. काकू अशाच पोरींची मेस चालवायच्या. आसपासच्या खोल्यांवर त्यांचे डबे जायचे, आणि जवळ राहणाऱ्या पोरी थेट त्यांच्या पडवीत येऊन जेवायला बसायच्या. पहाटेपासून दोन शेगड्यांवर दोन मोठे कुकर, एकात भात आणि एकात वरण. हाताखाली एक बाई यायची, ती फक्त पोळ्या लाटायची. त्यात घरात आजारी माणूस. एवढ्या कामाच्या बाईनं व्यायामाला वेळ काढला कुठून, असं आज मला कुणी विचारलं तर मी सांगते, शिट्ट्यांच्या मधून.

पद्धत अशी. भाताच्या कुकरची शिट्टी झाली की सुरू करायचं, वरणाच्या कुकरची झाली की थांबायचं. तेवढ्या वेळात मात्र जीव तोडून. कधी उठाबशा, कधी तांदळाचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, छातीशी कवटाळून उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. कधी माझा जिना. मग पुढची भाताची शिट्टी होईपर्यंत फोडणी, भाजी, चटणी, डब्यांची झाकणं. असं तीन-चार वेळा झालं की कुकर उतरला आणि व्यायाम संपला.

हे त्यांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. फिजिओथेरपीची एक पोरगी घरी यायची, काकू तिला 'व्यायामवाली' म्हणायच्या. काकूंची धाप बघून तिनंच सांगितलं होतं, की तासभर फिरायला जमत नसेल तर राहू द्या, थोडाच वेळ करा, पण चांगला दम लागेपर्यंत करा, मग थांबा, मग परत करा. आधी शुगर-बीपी तपासून घ्यायला लावलं. गुडघा कुठवर वाकवायचा, पाठ कशी ताठ ठेवायची, ते करून दाखवलं. थोडा वेळ म्हणजे किती, असं काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाली, मोबाईलवर घड्याळ लावा. काकूंचे हात कायम पिठात. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि कुकरवर भरवसा ठेवला.

आता एवढा आटापिटा कशासाठी, तर काकांसाठी.

काका म्हणजे आडत बाजारातलं जुनं माणूस. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळा जन्म ढिगाशेजारी उभं राहून गेला. उंच, रुंद, लिंगायत, सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याला न शिवणारे, आणि दुकानात सगळ्यांना हात जोडून 'शरणार्थ' म्हणून मग आपलंच खरं करणारे. त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. 'हाव', 'न्हाई' आणि असे चार-दोन शब्द मोठ्या मुश्किलीनं यायचे. एक शिवी तेवढी पहिल्यासारखी स्वच्छ यायची.

दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांच्या मुलानं दोन माणसं ठेवली होती. ती माणसं चांगली होती म्हणे, पण एकानं काखेत धरायचं, दुसऱ्यानं पायाला, आणि हप म्हणून उचलायचं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना पोती उचलताना बघितलं, त्याला स्वतःचं पोतं झालेलं सोसलं नाही. काका अंग लाकडासारखं ताठ करायचे, ती शिवी हासडायचे. एकदा त्या ओढाताणीत न्हाणीघरात आपटले. डोक्याला टाके पडले. त्या दिवशी काकूंनी समोर बसून विचारलं, "मंग कुणी उचलावं तुमाला, तुमीच सांगा."

काका बराच वेळ जबडा हलवत राहिले आणि म्हणाले, "तू."

हे मला सांगताना काकू हसल्या. "लगीन झाल्यापासून या माणसानं माझ्याकडं पाण्याबिगर काही मागितलं न्हवतं बघ. आन् मागितलं तर हे!"

पहिल्या दिवशी काकू उचलायला गेल्या आणि दोघंही खाटेवर उताणे पडले. व्यायामवालीनं मग त्यांना रीत शिकवली. काकांना खाटेच्या कडेला बसवायचं, त्यांच्या कमरेला कापडी पट्टा बांधायचा, आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवायचे, त्यांचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घालायचे, पट्टा धरायचा, आणि पायांच्या जोरावर उठायचं. मग तसंच धरून वळायचं आणि चाकाच्या खुर्चीत बसवायचं. दोघांच्याही गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून काकू आधी दोन्ही डब्या खांद्याकडे सरकवायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "चला मालक." सकाळी उठवताना, न्हाणीघरात नेताना, जेवायला, परत खाटेवर. दिवसातनं कितीदा तरी. त्या तांदळाच्या कट्ट्याला मिठी मारून उठाबशा का काढायच्या, ते मला तेव्हा कळलं.

काकांची खाट मधल्या खोलीत होती. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसायचं. शिट्टी झाली की काका मान वळवून बघत बसायचे.

आमच्या काकूंचं एक होतं, एकदा नेम धरला की धरला. एके सकाळी वरणाच्या कुकरची रिंग ढिली झाली, वाफ कडेनं फुसफुसत निघून चालली. भाताची शिट्टी होऊन गेली, काकूंच्या उठाबशा सुरू, आणि वरणाची शिट्टी काही होईना. शिट्टी नाही म्हणजे थांबायचं नाही! पोळ्या लाटणारी बाई म्हणते, आवं बसा. काकू म्हणतात, होऊ दे शिट्टी. मी वरून धावत आले तेव्हा काकू ओट्याच्या खाली फतकल मारून बसलेल्या, चेहरा लालबुंद, आणि वरण तळाला लागून सगळ्या घरात जळका वास. काका खाटेवरून हसत होते. त्यांचं अर्धंच तोंड हसायचं, पण पोट धरून हसत होते.

"शिट्टी झाली न्हाई तर मी काय करू?" असं वर मलाच विचारलं. त्या दिवशी पोरींनी डब्यात जळकं वरण खाल्लं आणि कुणी तक्रार केली नाही, कारण काकूंपुढं तक्रार केली की त्या पोरीलाच उठाबशा काढाव्या लागायच्या.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी म्हटलं, काकू, मला वेळच नाही हो, सकाळी सहापासून तास असतात. त्यावर म्हणाल्या, "टाइम न्हाई हे त्या बिमारीला सांग जाऊन. ती ऐकती का बघ." एकदा हात धरून जिन्यावर नेलं, दोन फेऱ्यांत मी पायरीवर बसले, डोळ्यांपुढं काजवे. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं माय! तुझं हृदय फळ्यावरच चांगलं दिसतंय." राग आला मला. पण दुसऱ्या दिवसापासून दोन तासांच्या मधल्या सुट्टीत मी क्लासच्या मागच्या जिन्यानं वर-खाली करायला लागले. पोरींना वाटायचं, मॅडम चिडून फिरायल्यात. महिन्याभरात एक बदल झाला, एक मजला चढून वर्गात गेल्यावर मला लगेच बोलता यायला लागलं. एवढाच. पण माझ्यासारखीला तो फार होता. आता मी नांदेडला असते, तिथं कुकर लहान आहे आणि मी एकटीच आहे, तरी शिट्टी झाली की माझे पाय आपोआप हलतात.

जोर वाढवणं ही एक बाजू झाली. काकूंनी दुसऱ्या बाजूनंही काम हाती घेतलं. "मी वर चढायले, मालक थोडे खाली उतरले की मधी कुठंतरी गाठ पडंल," म्हणजे काकांचं वजन कमी करायचं. काकांना धपाटे जीव की प्राण. धपाटे बंद केले तर घरात युद्ध, म्हणून काकूंनी ते हळूहळू लहान करत आणले. काका काही दिवस तेच खात राहिले. मग एके दुपारी त्यांनी डावा पंजा फाकून धपाट्यावर ठेवला, काकूंकडे बघितलं, पुन्हा धपाट्याकडे बघितलं आणि ताटली भिरकावून दिली. शिवी आलीच. जेवणाऱ्या पोरींची हसून मुरकुंडी वळली. काकूंनी दुसऱ्या दिवशी धपाटा पूर्वीएवढा केला, पण असा पातळ की आरपार दिसावं.

मी हे सगळं गमतीचं म्हणून सांगते आहे, पण त्या घराला एक घोर होता आणि तो रोज सकाळी त्यांच्याबरोबर उठायचा. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. सरळ, आईवर जीव असलेला. दिवाळीला आला तेव्हा आईला बाबांना उचलताना बघून त्यानं हातातली फराळाची ताटली खाली ठेवली. मी तिथंच होते.

"आई, तुझं वय काय? उद्या तू यांना घेऊन पडलीस, तर दोघांना कोण बघणार? पुण्यात चांगलं सेंटर आहे. डॉक्टर आहेत, माणसं आहेत, फ्लॅटपासून जवळ आहे. मी रोज जाईन."

"आन् ते तिथं ऱ्हातील?"

"सवय होईल."

"न्हाणीघरात पडले ते सवय व्हायलीच होती म्हणून."

त्यानं बाबांच्या डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. मी उन्हाळ्यात येतो. तोवर तू एकटीनं नीट, न डगमगता उचलत असशील, तर मी परत हा विषय काढणार नाही. पण नाही जमलं तर बाबांना घेऊन जाईन. मग तू आडवी यायचं नाहीस."

"ठरलं," काकू म्हणाल्या.

तो चुकीचं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण खाटेवर काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं आणि त्यांचा चांगला हात चादर चुरगाळत होता. 

त्या दिवसापासून काकूंचा व्यायाम म्हणजे परीक्षाच झाली. आमच्या पोरींची जी, तशीच त्यांची. उलट पोरींना एकदा नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं, काकूंना ती सोय नव्हती. व्यायामवाली तोवर लग्न होऊन सोलापूरला गेली होती. तिच्या जागी दुसरी कुणी बघायला काकूंना फुरसत झाली नाही. काकांचे पाय वाकवायचे, ताणायचे, ते तिनं शिकवल्याप्रमाणे त्या स्वतःच करायच्या. काका पाय सैल सोडून पडलेले असायचे.

होळी झाली आणि काकूंच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज दिसायला लागलं. एकदा मला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं. काकांना उचललं, वळवलं, खुर्चीत ठेवलं, साधा श्वाससुद्धा चढला नाही.

"बघितलंस? कापसावानी हलके लागायलेत मालक. म्याडम, तू पुस्तकातनं शिकवतीस ते खरं हाय बरं का. स्नायू वाढतो."

भेटेल त्याला त्या हे सांगायच्या. दूधवाल्याला, पोरींच्या आयांना, अहमदपूरहून मुलीला भेटायला आलेल्या एका बापाला तर दंड फुगवून दाखवला. इतक्या खूश झालेल्या काकू मी कधी पाहिल्या नव्हत्या.

त्या खुशीनंच घात केला. उन्हाळ्यात, ठरल्याप्रमाणे मुलगा यायच्या आदल्या दिवशी, गॅसवाला सिलिंडर फाटकाशी टाकून गेला. एरवी कुणी पोरगी मदतीला यायची. काकूंना कुठली कळ निघायला? एकटीनं उचलला आणि पायऱ्या चढल्या. तिसऱ्या पायरीवर कंबर धरली. मी क्लासवरून आले तर ओट्याला टेकून उभ्या, ओठ पांढरे.

"मुलाला सांगा," मी म्हटलं. "चार दिवसांचं दुखणं आहे. तो काही राक्षस नाही."

"तू गप ऱ्हा. सांगितलं की गाडी बोलवतो तो."

"आणि उद्या पडलात म्हणजे? दोघंही?"

"तू गप ऱ्हा म्हणलं ना!" पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. मग माझ्याचकडून कमरेला मलम चोळून घेतलं. मी चोळत होते आणि मनातून त्यांच्यावर भयंकर चिडले होते. त्या संध्याकाळी मी आणि पोळ्यावाल्या बाईनं काकांना धरायचा प्रयत्न केला, पण आम्ही हात लावताच त्यांनी अंग ताठ केलं. शेवटी काकूंनीच दात-ओठ खाऊन त्यांना खाटेवर निजवलं.

मुलगा सकाळी आला. पडवीत पोरी चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसल्या होत्या, कुकर चढलेले होते. त्यानं चहा घेतला, इकडचं-तिकडचं बोलला, आणि मग मधल्या खोलीच्या दारात हाताची घडी घालून उभा राहिला.  

काकूंनी डब्या सरकवल्या, पट्टा बांधला, गुडघे टेकवले. काकांचे हात गळ्यात घेतले. "चला मालक," म्हणाल्या आणि उठल्या. अर्ध्यावर गेल्या आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की पोरींनी घास खाली ठेवले. पट्ट्यावरची पकड सुटली. गुडघे वाकले. मी धावले, मुलगा धावला, आणि आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो.

काका उभे होते.

डाव्या हातानं त्यांनी काकूंचा दंड धरून ठेवला होता आणि काकू त्यांच्या छातीवर लोंबकळत होत्या. कोण कुणाला उचलायलंय, तेच कळेना. काकांनी त्यांना हळूच खाटेवर बसवलं. स्वतः खाटेच्या कठड्याला धरून उभेच राहिले, थरथरत, पण दोन्ही पाय फरशीवर घट्ट.

मुलगा "बाबा!" म्हणून त्यांच्या गळ्यात पडला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. एकट्या काकूंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या काकांच्या पायांकडे बघत होत्या.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

काकांनी भिंतीकडे बघितलं.

मी सोलापूरला व्यायामवालीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं काकांना पाऊल उचलायला लावलं, गुडघा दाबायला लावला, आणि आनंदानं म्हणाली, "काकू, अभिनंदन! पण हे काही आजचं नाही. एका रात्रीत असं उभं राहता येत नाही. उठताना काका बरेच दिवस तुमच्याबरोबर जोर लावत असणार. तुम्हाला हलके वाटले नाहीत का?"

काकू उठून कमरेला हात लावत स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मुलगा दुकानातून वॉकर घेऊन आला, संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. जाताना आईच्या पाया पडून म्हणाला, "आता विषय मिटला, आई. बाबा इथंच राहतील." काकूंनी त्याला डबा दिला, सांभाळून जा म्हणाल्या. दिवसभरात बोलल्या त्या एवढंच. त्या दिवशीच्या वरणात मीठ नव्हतं.

तो गेल्यावर मी त्यांच्यासाठी गरम पाण्याची पिशवी भरून आणली, तेव्हा त्या काकांसमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. मी दारातच थबकले.

"सांगा. कवापासून येतंय?"

"होळी," काका म्हणाले.

"होळी!" काकूंचा आवाज चढला. "आन् मी येडी? मी कट्टे उचलायले, जिने चढायले. मला वाटायलं माझ्या अंगात जोर आलाय. साऱ्या गल्लीला सांगून आले मी. आवं, त्या अहमदपूरच्या माणसाला दंड दाखवला! अर्धा भार तुमीच उचलायलात आन् मला सांगायचं न्हाई? माझी कंबर गेली तरी गप? कामून केलंत असं? मला बनवायला?"

"न्हाई. न्हाई."

"मंग?"

काकांचा जबडा हलत राहिला. शब्द येईना तेव्हा त्यांना घाम फुटायचा, तसा फुटला. काकू उठून गेल्या नाहीत. बसून राहिल्या.

"उठलो... आपला... आपण..."

"हां, उठलात. मंग?"

"मंग... तू..." त्यांनी चांगला हात उचलून स्वतःच्या मानेमागं नेला आणि तिथंच ठेवला. "तू... धरायची न्हाईस."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांचा संसार, पण सणासुदीला, लग्नकार्यात, कधी ही दोघं शेजारी शेजारी बसलेलीसुद्धा कुणी पाहिली नव्हती, असं पोळ्यावाली बाई सांगायची. फोटोतसुद्धा मधे मुलगा. काका चालते होते तेव्हा ते पुढं, काकू मागून. मग काकूंना मी दिसले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तोंड फिरवून म्हणाल्या, "म्याडम, भाकरी करपायलीय बघ, जा." शेगडीवर भाकरी नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन विझलेल्या शेगडीसमोर उभी राहिले आणि तिथं मला जे रडू आलं, ते काही केल्या थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत पोरींची पंगत बसली होती. काकूंनी कमरेला पट्टा आवळला होता, चाल वाकडी होती. त्या मधल्या खोलीत गेल्या आणि वॉकर काकांसमोर ठेवला.

"चला मालक. उठा. आपले आपण."

काकांनी एकदा वर बघितलं. मग वॉकर धरला. उठायला त्यांना खूप वेळ लागला. एकदा मागं बसले, पुन्हा जोर लावला. काकू कमरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या, बोटसुद्धा पुढं केलं नाही. काका उभे राहिले. ताठ. मान खाली घालून पुढच्या हुकमाची वाट बघत.

काकूंनी वॉकर बाजूला सारला. काकांचा निर्जीव हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. दुसरा हात काकांनी स्वतःच ठेवला. काकू त्यांच्या पुढ्यात सरकल्या आणि दोन्ही हातांनी त्यांना धरलं. उचललं नाही, वळवलं नाही. नुसतं धरून उभ्या राहिल्या. पडवीतली बडबड बंद झाली. सगळ्या पोरी बघत होत्या, मी बघत होते, आणि आम्ही बघायलोय हे त्यांना ठाऊक होतं.

मागं बसलेल्या एका पोरीला तिथून काही दिसत नव्हतं. तिनं वाटी वाजवून हाक मारली, "काकू, वरण!"

"थांब गं जरा," काकू काकांच्या खांद्याआडून म्हणाल्या. "हात गुतलेत माझे."